प्रार्थनेला मुदत घालावी का? भावाचा आजार आणि आमचे वाट पाहणे

मलप्रभाकाठ (धागा सुरू करणारी)

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहते. आमचे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर हा मनाचा आजार असून धारवाडच्या डिमहान्स या मनोरुग्णालयात त्याच्यावर बरीच वर्षे उपचार चालू आहेत. या आजारात काही आठवडे माणसाला झोप लागत नाही, तो भलत्याच उत्साहात मोठमोठ्या गोष्टी बोलत राहतो, आणि पुढे तोच माणूस अंथरुणातून उठेनासा होतो. पहिला झटका आला तेव्हा भाऊ रात्र रात्र वचने म्हणत असे, म्हणून मंडळीतील काहींनी त्याच्यावर पवित्र आत्मा उतरल्याचे मानले. पुढे तो शिवीगाळ करू लागला, घरातले भात विकून पैसे वाटू लागला, तेव्हा त्याच मंडळींनी त्याला भूत लागल्याचे सांगितले. आजाराचे नाव दोन्ही वेळा कोणी काढले नाही.

उपवासकाळात परगावाहून आलेल्या एका प्रचारकांनी आमच्या घरच्या कॉटेज प्रार्थनेत सर्वांसमक्ष जाहीर केले की, गोळ्या बंद करून पूर्ण विश्वासाने प्रार्थना केल्यास पुनरुत्थानाच्या सणापर्यंत (ईस्टरपर्यंत) भाऊ बरा होईल. आम्ही गोळ्या बंद केल्या नाहीत. सण होऊन गेला, भाऊ आहे तसाच आहे. आता मंडळीत कुजबूज चालते की, या घरात विश्वास कमी पडला म्हणून उत्तर अडले. आईने हे फार मनाला लावून घेतले आहे. ती चर्चला येते, पण प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवून बसते. मी विचारले तर म्हणाली, "मी मागायचे होते तेवढे मागून झाले."

मला येथील जाणत्यांना विचारायचे आहे की, इतक्या वर्षांनीही तीच विनंती रोज देवापुढे ठेवणे योग्य आहे, की एका टप्प्यावर मागणे थांबवून जे आहे ते त्याच्या हातून स्वीकारावे? मागत राहावे तर मन रोज आशेवर चढते आणि रोज खाली येते. थांबावे तर भावाला सोडून दिल्यासारखे वाटते.

---

घटप्रभेकडील पाळक

मलप्रभाताई, सलाम. मी हुक्केरी भागात अनेक वर्षे पाळकाचे काम केले असून आता निवृत्त आहे. आपल्या प्रश्नाआधी त्या मुदतीविषयी बोलतो, कारण आपल्या आईचे मन देवाच्या विलंबाने जेवढे दुखावले असेल त्याहून अधिक ते माणसाने घातलेल्या मुदतीने दुखावले आहे, असे मला वाटते.

आपल्या भागात ज्या ख्रिस्ती घरी जावे तेथे भिंतीवरच्या कॅलेंडरवर यिर्मया २९:११ हे वचन दिसते: देवाच्या मनातील संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. वचन खरे आहे, परंतु त्याच्या आधीचे दहावे वचन कोणी छापत नाही. तेथे देव म्हणतो की, बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर मी तुमची भेट घेईन. ही वचने यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात बंदिवान करून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातील आहेत. म्हणजे ज्यांना हे पत्र पाठवले गेले त्यांच्यापैकी बहुतेक प्रौढ माणसे बाबेलातच मरणार होती. हिताचे संकल्प त्यांनाच सांगितले गेले, आणि त्यासोबत घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्ही बंदिवान आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, अशी आज्ञाही झाली.

आता त्याच्या आधीचा अठ्ठाविसावा अध्याय वाचा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्व लोकांसमोर उभा राहून सांगतो की, दोन वर्षांच्या आत बंदिवान परत येतील आणि मंदिराची पात्रेही परत येतील. बाबेलच्या दास्याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू काढून तो ते मोडूनही टाकतो. आपल्या घरी झाले ते याहून वेगळे नाही: सर्वांसमक्ष, परमेश्वराच्या नावाने, मुदत घालून दिलेले आश्वासन. यिर्मया यावर सुरुवातीला काय म्हणतो ते पाहा. तो म्हणतो, आमेन, परमेश्वर असेच करो. लोक लवकर परतावेत अशी त्याचीही इच्छा होती. ज्या माणसाला सत्तर वर्षे दिसत होती, त्याच्या तोंडी दोन वर्षांच्या आशेला आमेन आहे. तरीही त्याने लोकांना दोन वर्षांचे वचन दिले नाही, कारण देवाने ते दिले नव्हते. हनन्याचा शेवट त्याच वर्षी झाला आणि मुदत खोटी ठरली.

यावरून मला जे कळते ते असे: लवकर बरे होण्याची इच्छा धरणे आणि ती देवाजवळ बोलून दाखवणे यात अविश्वास मुळीच नाही. देवाने न दिलेली तारीख त्याच्या नावाने सांगणे हा मात्र गंभीर अपराध आहे, आणि त्याचा दोष ऐकणाऱ्या घरावर कधीच येत नाही. हे आपल्या आईला आपण सांगावे. आपल्या मंडळीच्या पाळकांनी सांगितले तर अधिक बरे.

देवाचे उत्तर आपल्या वेळेवर आणवता येत नाही, हे यिर्मयाच्याच पुस्तकात पुढे बेचाळिसाव्या अध्यायात दिसते. भेदरलेले लोक त्याच्याकडे येतात आणि आमच्यासाठी देवाला विचार म्हणतात. तो विचारतो, आणि उत्तर दहा दिवसांनी येते. शत्रू केव्हाही येईल अशी भीती असताना संदेष्टा दहा दिवस गप्प राहिला. त्याला तात्काळ काहीतरी बोलून लोकांचे समाधान करता आले असते.

---

निपाणीचा विश्वासणारा

पाळकसाहेबांचा मान राखून थोडे वेगळे मांडतो. खोट्या मुदतीचा निषेध मीही करतो. परंतु आपण उलट टोकाला जाऊ नये. मार्क ११:२४ मध्ये प्रभू म्हणतो की, जे काही तुम्ही प्रार्थना करून मागाल ते मिळालेच आहे असा विश्वास धरा. याकोबाच्या पत्रात संशय धरणाऱ्याला समुद्राच्या लाटेची उपमा दिली आहे. माझ्या स्वतःच्या घरात प्रार्थनेने रोग बरा झालेला मी पाहिला आहे आणि त्याची साक्ष मी मरेपर्यंत देईन. "देवाची इच्छा असेल तर" असे प्रत्येक वाक्याला जोडून आपण प्रार्थना इतकी सावध करून ठेवतो की, उत्तर आले नाही तरी आपल्याला धक्का बसू नये. ताईंनी धैर्याने, निश्चयाने मागत राहावे असे मला वाटते. लूक १८ मधील विधवेने न्यायाधीशाला स्वस्थ बसू दिले नाही.

---

मलप्रभाकाठ

निपाणीचे बंधू, आपल्या घरात झालेल्या चांगल्या गोष्टीबद्दल मी मनापासून देवाचे आभार मानते. परंतु माझी अडचण आपल्या उत्तराने वाढते. निश्चय किती असला म्हणजे पुरेसा, हे मला कसे कळावे? भाऊ झटक्यात असतो तेव्हा त्याचा स्वतःचा विश्वास तर कोणाहूनही अधिक असतो. त्या काळात तो समुद्र दुभंगण्याच्याही गोष्टी बोलतो. आणि मन खचते तेव्हा देव आपल्याला टाकून गेला आहे, अशी त्याची पक्की खात्री असते. विश्वासाची मोजणी त्याच्या मनावर करायची, तर ते मनच आजारी आहे.

---

घटप्रभेकडील पाळक

ताईंनी फार नेमके मांडले आहे. निपाणीच्या बंधूंना एवढेच सुचवतो की, मार्कच्याच पुस्तकात आणखी दोन प्रसंग आहेत. दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला छप्पर उसकटून खाली सोडतात, आणि येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला असे लिहिले आहे. रोगी काही बोललाच नाही. नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप रडत म्हणतो की, मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका. मुलगा त्या अर्धवट विश्वासावर बरा झाला. येशूने बापाला निश्चय पक्का करून पुन्हा यायला सांगितले नाही. ताईंच्या भावाचा विश्वास मोजायचाच नाही. त्याला उचलून धरणे हे त्याच्या लोकांचे काम आहे, आणि आई थकली असेल तर तिची बाजू मंडळीने धरायची आहे.

विधवेच्या दाखल्याविषयी आपण म्हणता ते मला मान्य आहे. तो दाखला लूकने सांगितला तोच मुळी या हेतूने, की सर्वदा प्रार्थना करावी आणि खचून जाऊ नये. ज्यांना खचण्याची वेळ येणार होती अशांसाठीच तो सांगितला गेला. तेव्हा ताईंच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे, की मागत राहावे. प्रेषित पौलाने शरीरातील काट्याविषयी, म्हणजे त्याला छळणाऱ्या एका त्रासाविषयी, तीनदा विनंती केली आणि मग थांबला, हे खरे, परंतु तो थांबला तो "माझी कृपा तुला पुरे आहे" हे उत्तर मिळाल्यावर. आपल्याला तसे काही उत्तर मिळालेले नाही, म्हणून विनंती चालू ठेवण्याची पूर्ण मोकळीक आपल्याला आहे.

---

कॅम्पमधील वाचक

मी कॅथोलिक आहे. बेळगाव कॅम्पात लहानाची मोठी झाले. आमच्याकडे २७ ऑगस्टला संत मोनिकाचा सण असतो आणि दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा संत ऑगस्टीन याचा. मुलांसाठी प्रार्थना करणाऱ्या आया मोनिकाचे नाव घेतात, परंतु तिच्या आयुष्यातील एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही, तो ताईंसाठी लिहिते.

ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेत ३५४ साली जन्मला. तरुणपणी त्याने आईचा विश्वास सोडला आणि तिने पुढची कितीतरी वर्षे त्याच्यासाठी अश्रू ढाळले. ३८३ साली तो कार्थेजहून रोमला निघाला. आईला त्याने फसवले. ती बंदराजवळच्या एका प्रार्थनामंदिरात रात्रभर रडत देवाकडे मागत होती की, त्याला जाऊ देऊ नकोस, आणि त्याच रात्री जहाज निघून गेले. तिच्या त्या रात्रीच्या प्रार्थनेचे उत्तर सरळ "नाही" असे होते. परंतु रोमहून तो मिलानला गेला, तेथे त्याने बिशप अँब्रोज यांची प्रवचने ऐकली, आणि ३८७ च्या पुनरुत्थानाच्या सणाला त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. ऑगस्टीनने पुढे स्वतः लिहून ठेवले आहे की, देवाने आईची त्या वेळची मागणी नाकारली ती तिची नेहमीची मागणी पुरी करण्यासाठी.

मला यातील ती किनाऱ्यावरची सकाळ महत्त्वाची वाटते. पुढे काय होणार हे तिला ठाऊक नव्हते. तिला एवढेच दिसत होते की, मुलगा गेला, खोटे बोलून गेला आणि देवाने त्याला अडवले नाही. ती शोक करत घरी परतली आणि पुन्हा त्याच्यासाठी प्रार्थना करू लागली. पुढे ती त्याच्या मागे समुद्र ओलांडून गेली.

---

मलप्रभाकाठ

वाचकताई, आपले लिहिणे मी आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तिला शेवटी मिळाले ना." तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. मंडळीत साक्षी होतात त्याही ज्यांना मिळाले त्यांच्याच. हन्नाला शमुवेल मिळाला, अलीशिबेला म्हातारपणी योहान मिळाला, अब्राहामाला वयाच्या शंभराव्या वर्षी इसहाक मिळाला. ज्यांना मिळाले नाही त्यांनी कोठे उभे राहून बोलावे?

---

शहापूरचे गुरुजी

मलप्रभाताई, हा प्रश्न शास्त्राला नवा नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने काय काय झाले याची मोठी माळ आहे, आणि पस्तिसाव्या वचनाच्या मध्यावर ती एकदम वळते. आधी म्हटले आहे की, स्त्रियांना त्यांचे मेलेले परत मिळाले, आणि लगेच, त्याच वचनात, इतर काहींचे हालहाल झाले असे लिहिले आहे. पुढे टवाळ्या, फटके, बेड्या, कैद. दोन्हींना एकाच विश्वासाची उदाहरणे म्हटले आहे. एकोणचाळिसावे वचन तर सांगते की, या सर्वांविषयी विश्वासामुळे साक्ष दिली गेली असूनही त्यांना वचनाप्रमाणे प्राप्त झाले नाही. न मिळालेल्यांची साक्ष देवाने स्वतः लिहवून घेतली आहे.

आपल्याच भाषेतील एक आयुष्य पुढे ठेवतो. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या डोंगराळ भागात झाला. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण डोळ्यांदेखत गेली. पुढे भाऊ गेला, पती गेले. बाप्तिस्मा १८८३ साली झाला. ख्रिस्ती झाल्यावर दुःखे संपली असे झाले नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो दुष्काळग्रस्त मुली आणि स्त्रिया सांभाळताना, हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबल तयार करताना, आपल्यामागे हे सारे कन्या मनोरमा पाहील अशी त्यांची अपेक्षा होती. मनोरमाबाईंनी आपल्या गुलबर्ग्यालाही मुलींच्या शिक्षणाचे काम केले. १९२१ साली मनोरमा आईच्या आधी वारल्या. रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. त्या मायलेकींसाठी किती लोकांनी किती प्रार्थना केल्या असतील, याची कल्पना आपण करू शकतो.

बेळगावपुरते बोलायचे तर, येथे लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली सुरू झाले. पहिल्या कामकऱ्यांपैकी एकानेही आज सीमाभागात मराठी, कन्नड आणि कोकणीत होणाऱ्या उपासना ऐकल्या नाहीत. ज्या घराण्यांत आज आपण तीन पिढ्यांचा विश्वास म्हणतो, ती त्यांना दिसली नाहीत. मला हे सांगायचे आहे ते यासाठी की, आपल्या आईने सुरू केलेली प्रार्थना आईलाच पुरी करावी लागेल असा नियम नाही.

---

धारवाडची परिचारिका

मी मनोरुग्णांच्या विभागात काम केलेली परिचारिका आहे आणि मेथडिस्ट मंडळीची सभासद आहे. या धाग्यावर गोळ्यांविषयी स्पष्ट लिहिले गेले नाही, म्हणून लिहिते.

मलप्रभाताई, तुम्ही गोळ्या बंद केल्या नाहीत हे अगदी योग्य केले. बायपोलरमध्ये लिथियम हे औषध चालू असेल आणि ते एकदम थांबवले, तर काही आठवड्यांतच जोराचा झटका येण्याची भीती असते आणि आत्महत्येचा धोकाही वाढतो. ज्यांनी गोळ्या थांबवायला सांगितले, त्यांना याची माहिती नसावी. माहिती नसताना बोलणे हेही लहान पाप नव्हे.

आता विश्वासाच्या बाजूने. औषध घेणे म्हणजे अविश्वास, ही शिकवण शास्त्रात कोठे आहे? आजारी पडलेल्या हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने त्याला पंधरा वर्षे वाढवून दिली, आणि त्याच वेळी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले. पौल तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. ज्या पौलाच्या हातून रोगी बरे झाले, त्यानेच आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून पुढे जावे लागल्याचे लिहिले आहे, आणि त्रफिमाच्या विश्वासावर एका शब्दानेही ठपका ठेवलेला नाही. पौलाचा जिवलग सोबती लूक वैद्य होता. आपल्या भागातील किती कुटुंबे पिढ्यानपिढ्या मिरजेच्या मिशन इस्पितळात जात आली. ते इस्पितळ उभारणारे डॉ. वानलेस प्रार्थनाही करत आणि शस्त्रक्रियाही करत.

आणखी एक विचार मनात येतो. वेडेपणाच्या झटक्यावर लिथियमचा उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ साली दाखवून दिले. त्याआधी या आजाराच्या माणसाच्या घरच्यांनी शतकानुशतके प्रार्थना केल्या, आणि त्यांच्या हाती साखळदंड किंवा कोंडून ठेवणे याखेरीज काही नव्हते. त्या आयाबहिणींनी जे मागितले, त्यातले काही तुमच्या भावाच्या औषधाच्या डबीत आहे असे मी मानते.

---

मलप्रभाकाठ

परिचारिकाताई, हे वाचून मला रडू आले. तरी प्रामाणिकपणे सांगते की, गोळीला मी पूर्ण उत्तर म्हणणार नाही. गोळ्यांनी झटके कमी झाले, पण त्याचे शिक्षण सुटले ते सुटलेच, ठरलेले लग्न मोडले, त्याचे हात कापतात म्हणून लोकांसमोर तो चहाचा कप धरत नाही. मी गोळ्यांबद्दल आभार मानीन आणि पूर्ण बरे होणेही मागत राहीन. गुरुजींचे आणि पाळकसाहेबांचे म्हणणे मिळून मला एवढे कळले की, या दोन्ही गोष्टी एकाच प्रार्थनेत बसतात.

आईचे मात्र काय करावे? तिला मी प्रार्थना कर असे म्हणू शकत नाही.

---

अथणीची गृहिणी

आईंना प्रार्थना करायला सांगू नका. माझ्या सासूबाई मुलगा गेल्यावर वर्षभर चर्चमध्ये नुसत्या बसत. आमच्या महिला समाजातील एक आजी त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या वतीने प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हणत असत. एवढेच करत. सासूबाईंनी पुढे आम्हांला सांगितले की, त्या काळात ती एकच गोष्ट त्यांना सहन होत असे.

---

घटप्रभेकडील पाळक

अथणीच्या ताईंनी माझ्या मनातलेच सांगितले. मलप्रभाताई, स्तोत्रसंहितेतील तेरावे आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आईला वाचून दाखवा. तेराव्यात दावीद एकामागून एक चार वेळा "कोठवर" असे विचारतो. ते स्तोत्र शेवटी स्तुतीकडे वळते. अठ्ठ्याऐंशीवे तसे वळतही नाही. त्याचा शेवट अंधारात होतो आणि तेथेच ते थांबते. उपासनेच्या पुस्तकात देवाने असे स्तोत्र राहू दिले आहे. मात्र पाहण्यासारखे हे आहे की, त्याची पहिलीच ओळ देवाला उद्धारकर्ता म्हणून हाक मारते. बोलणारा देवावर रागावला आहे, आणि रागावून देवाशीच बोलतो आहे. आपल्या आईचे "मागून झाले" हे वाक्यही, माझ्या मते, देवाने ऐकलेली प्रार्थनाच आहे.

मंडळीविषयीही दोन शब्द. दर रविवारी दारात "भावाला काही फरक?" असे विचारणे थांबवावे. विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण घरच्यांना आठवड्याचा हिशेब दिल्यासारखे होते. त्याऐवजी भाऊ बरा असतो त्या दिवसांत त्याला काही काम द्यावे: खुर्च्या मांडणे, रविवार शाळेची हजेरी, काहीही. आणि तो बरा नसतो त्या दिवसांत कोणीतरी दोन तास त्याच्याजवळ बसावे, म्हणजे आईला झोप मिळेल. आपल्याकडे मे महिन्यात धूळवाफ पेरणी करून कोरड्या मातीत भात टाकतात, आणि पावसाची वाट पाहत असताना शेतकरी बांध नीट करतो, शेण टाकतो, औताची डागडुजी करतो. याकोबानेही वाट पाहणाऱ्याला शेतकऱ्याकडेच बघायला सांगितले आहे.

---

निपाणीचा विश्वासणारा

मी सर्व उत्तरे पुन्हा वाचली. त्रफिमाचा उल्लेख मी आजवर शंभर वेळा वाचला असेल, पण त्याचा असा विचार केला नव्हता. धैर्याने मागावे या मतावर मी कायम आहे. मात्र ताई, माझ्या लिहिण्यातून आपल्या घरावर दोष आला असेल, तर तो मी परत घेतो. आम्ही काही जण दर शुक्रवारी उपास-प्रार्थना करतो. आपली हरकत नसेल तर आपल्या भावासाठी आणि आईसाठी आम्ही नाव न घेता प्रार्थना करू, आणि कोणतीही मुदत घालणार नाही.

---

मलप्रभाकाठ

हरकत मुळीच नाही, बंधू, आभारी आहे. आमच्या पाळकांशी मी बोलले. त्यांनी येत्या रविवारी हनन्या आणि यिर्मया यांच्यावर उपदेश करण्याचे ठरवले आहे. घरी येऊन आईशी स्वतंत्र बोलणार असल्याचेही त्यांनी सांगितले.

एक व्यावहारिक प्रश्न परिचारिकाताईंना. शुक्रवारच्या उपासाचे ऐकून भाऊ म्हणतो आहे की, मीही पाण्याशिवाय दिवसभर उपास करीन. त्याची लिथियमची गोळी चालू आहे. त्याला करू द्यावे का?

---

धारवाडची परिचारिका

पाण्याशिवाय मुळीच नको. शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले की, लिथियमचे रक्तातील प्रमाण वाढते आणि ते विषासारखे होऊ शकते. उन्हाळ्यात, जुलाब-उलट्या झाल्यावर, तापात हीच भीती असते. अंगदुखीसाठी दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून देऊ नका, त्यानेही प्रमाण वाढते. हात नेहमीपेक्षा जास्त कापू लागले, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या सुरू झाल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दवाखान्यात न्या. हात कापण्याचे तुम्ही वर लिहिले आहे, तेही पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर सांगा. मात्रा पाहून त्यावर काही करता येते. रक्ततपासणी कधी झाली होती ते पाहून ठेवा. रात्री-अपरात्री घाबरल्यासारखे झाले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येते, पैसे लागत नाहीत.

भावाला उपासात सहभागी व्हायचेच असेल, तर त्याने जेवण, पाणी आणि गोळ्या नेहमीच्या वेळी घ्याव्यात, आणि त्या दिवशी मोबाइल किंवा आवडीचा एखादा पदार्थ सोडावा. रात्रभर जागून प्रार्थना मात्र त्याला करू देऊ नका, कारण झोप मोडली की या आजारात झटका लवकर येतो. प्रार्थनेला सर्वांसोबत बसावे आणि दहा वाजता झोपावे. निपाणीच्या बंधूंच्या गटाने त्याच्या वाटचा उपास करावा. त्यांना ते चालेल असे मला वाटते.

---

निपाणीचा विश्वासणारा

आनंदाने चालेल. या शुक्रवारपासूनच करतो.